झाडांच्या सावलींतलें जुनें घर

जन्मभर मीं मुलांना शिकविलें. पण घर कसें घ्यावें हें मला कोणीं शिकविलें नाहीं. मॅट्रिकच्या परीक्षेंत हा विषय नव्हता आणि पुढें चौतीस वर्षांच्या नोकरींत कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत तो आला नाहीं. त्यामुळें वयाच्या साठीनंतर, निवृत्तीचे सारे पैसे एकदम हातीं आल्यावर, मला या विषयाचा ओनामा गिरवावा लागला. आज मी जें सांगणार आहें तें वकिलाचें किंवा इंजिनियराचें बोलणें नव्हे. दीड वर्ष वहाणा झिजवून, एकदां फसतां फसतां वाचून, अखेर एक जुनें घर घेऊन त्यांत राहूं लागलेल्या एका मास्तराचें हें निवेदन आहे.

आम्ही दोघें पस्तीस वर्षें पुण्याच्या एका पेठेंत राहत होतों. घर अगदीं रस्त्यावर. पहांटे दुधाच्या गाड्यांपासून जो गलका सुरू होई तो रात्रीं अकरापर्यंत थांबत नसे. माझ्या पत्नीला दम्याचा विकार जडला आणि जमल्यास जरा मोकळ्या हवेंत राहावें असें डॉक्टरांनीं सुचविलें. मोकळी हवा म्हटली कीं जुन्या पुणेकराच्या डोळ्यांपुढें डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, एरंडवणें हाच भाग उभा राहतो. तेथें नवें घर घेण्याचें सामर्थ्य आमच्यांत नव्हतें. म्हणून जुन्या घराचा शोध सुरू झाला.

या भागाची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे, कारण तेथील घरांचें वय आणि प्रकृति तिच्यावरूनच कळते. मुठेच्या पलीकडची ही जमीन पूर्वीं शेतमळ्यांची होती. १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला, १९१७ त भांडारकर संस्था स्थापन झाली, १९२४ त लॉ कॉलेज आलें. १९३३ त 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून येथें आली. तिच्या आवारांत १९६० पासून चित्रपट-शिक्षणाची सरकारी संस्था आहे, आणि कंपनीचें नांव रस्त्याला कायमचें चिकटलें आहे. या काळांत येथें जीं घरें उठलीं तीं बहुधा बंगले होते. भोंवतीं आवार, आवारांत आंबा, बकुळ, बूच, कडुनिंब. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, नदीकांठचें जुनें पुणें वाहून गेलें, आणि शहराचा ओढा पश्चिमेकडे अधिकच वाढला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बंगलेवाल्यांच्या मुलांनीं एकेक बंगला बांधकाम व्यावसायिकांना दिला व त्या जागीं तीन-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. कडेचीं झाडें मात्र पुष्कळ ठिकाणीं राहिलीं. आज गल्लींतून जातांना जी सावली आपणांस मोह घालते ती अशी बंगल्यांच्या काळची आहे; घरें मागाहून आलीं, आणि तींहि आतां चाळीस-पंचेचाळीस वर्षांचीं झालीं आहेत.

पहिलें घर आम्हीं पाहिलें तें चैत्रांत. दुसरा मजला, दाराशीं बकुळ, तीन बाजूंनीं वारा, भिंतींना नुकताच दिलेला रंग. माझी पत्नी खिडकींत उभी राहिली ती पांच मिनिटें बोललीच नाहीं. दलाल हुशार. तो हळूच म्हणाला, "मास्तर, आणखी दोन गिऱ्हाइकें रांगेंत आहेत. आज इसार दिलात तर मी थांबवून धरतों." मीं खिशांतलें चेकबुक काढलेंहि होतें. परंतु माझा एक जुना विद्यार्थी हल्लीं वकिली करतो; त्याला एकदां विचारावें म्हणून मीं फोन केला. तो म्हणाला, "सर, इसार उद्यां द्या. आज फक्त जमिनीची मिळकत पत्रिका पाहा."

मिळकत पत्रिका म्हणजे नगर भूमापन खात्याचा उतारा. शेतजमिनीला जसा सातबारा, तसा शहरांतील जमिनीला हा. तो काढला तेव्हां काय दिसलें? इमारत उभी राहून बेचाळीस वर्षें झालेलीं, सोसायटी नोंदलेली, सभासद नियमानें पैसे भरीत आलेले. आणि जमीन अजून मूळ बंगलेवाल्याच्या नांवावर! ते गृहस्थ कधींच निवर्तले होते आणि वारस चार ठिकाणीं चार. आम्ही जें घर घेणार होतों त्याच्याखालची भूमि सोसायटीची नव्हतीच.

येथें थोडें थांबून हा विषय नीट सांगितला पाहिजे, कारण जुन्या घराच्या खरेदींत याहून मोठा खड्डा दुसरा नाहीं. महाराष्ट्रांत १९६३ सालीं फ्लॅटधारकांच्या मालकीविषयीं एक कायदा झाला. त्याप्रमाणें इमारत बांधणारानें घरें विकल्यावर व सोसायटीची नोंदणी झाल्यावर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नांवें लेखी करून देणें बंधनकारक आहे. करारांत मुदत नसेल तर त्यासाठीं चार महिन्यांची मुदत नियमांत आहे. यालाच अभिहस्तांतरण, किंवा सर्वांच्या तोंडीं असलेला शब्द वापरायचा तर कन्व्हेअन्स, म्हणतात. चार महिन्यांचे कित्येक ठिकाणीं चाळीस वर्षें झालीं. कोठें बांधणारा दिवाळखोर झाला, कोठें जमीनमालकाशीं त्याचा तंटा झाला, आणि कोठें, हें सांगतांना मला संकोच वाटतो, आपण सुशिक्षित सभासदांनींच "चाललें आहे तें ठीक आहे" म्हणून विषय कधीं काढला नाहीं.

त्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. रोजच्या राहण्यांत कांहींच बिघडत नाहीं, आणि म्हणूनच हा दोष दिसत नाहीं. पण रस्ता रुंद होऊन आवाराचा तुकडा गेला कीं त्याचा मोबदला कागदोपत्रीं मालक असलेल्या माणसाकडे जातो. आणखी बांधकामाचा हक्क निर्माण झाला तर त्यावर तो दावा सांगतो. इमारत मोडकळीस येऊन नवी बांधायची म्हटलें तर त्याच्यावांचून पान हालत नाहीं. यावर उपाय म्हणून २००८ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. मालक किंवा बांधणारा कन्व्हेअन्स करून देत नसेल तर सोसायटीनें जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा व त्यांनीं चौकशी करून 'मानीव अभिहस्तांतरण' मंजूर करावें, अशी सोय झाली. सोय चांगली आहे. परंतु ती सोसायटीनें करावयाची. आणि जी सोसायटी २००८ पासून आजपर्यंत हा अर्ज करूं शकली नाहीं, ती तुम्ही सभासद झाल्यावर एकाएकीं करील अशी आशा कशाच्या आधारावर धरावी?

दुसरा एक प्रकार आहे, तोहि लक्षांत असूं द्यावा. कांहीं इमारतींत सोसायटी नसतेच. त्या १९७० च्या अपार्टमेंट मालकीच्या कायद्याखालीं असतात. तेथें मूळ मालकानें घोषणापत्र नोंदविलेलें असतें आणि प्रत्येक घराचें वेगळें खरेदीपत्र होऊन त्यांत जमिनींतील अविभक्त हिस्सा शेंकड्यांत लिहिलेला असतो. पुण्यांत अशा इमारती पुष्कळ आहेत. दारावरच्या पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिलें आहे यावरून कांहीं ठरत नाहीं. कागद कोणत्या कायद्याचा आहे तें पाहावें. सोसायटींत तुम्हांला मिळतें तें भागपत्र, जुन्या संस्थांत बहुधा पन्नास रुपयांच्या पांच भागांचें. अडीचशें रुपयांच्या त्या कागदापायीं माणूस आयुष्याची पुंजी ओततो. तेव्हां निदान तो कागद मूळ आहे, नक्कल नाहीं, कोठें गहाण नाहीं, एवढें तरी डोळ्यांनीं पाहावें.

बकुळीचें घर आम्हीं सोडलें. विकणाऱ्यांचा दोष होता असें मी म्हणत नाहीं. मीं त्यांना उतारा दाखविला तेव्हां ते माझ्यापेक्षां अधिक चकित झाले. सत्तावीस वर्षें ते तेथें राहत होते.

दुसऱ्या घराची गोष्ट थोडक्यांत सांगतों. घर उत्तम, कन्व्हेअन्स झालेलें. मूळ मालक वारलेले. त्यांनीं सोसायटींत मुलीचें नामनिर्देशन केलेलें, म्हणून मुलगी विकायला निघालेली. तिची प्रामाणिक समजूत अशी कीं नॉमिनी म्हणजे मालक. तसें नाहीं. नॉमिनीला सोसायटी तात्पुरतें सभासद करून घेते. मालकी वारसांची, किंवा मृत्युपत्र असल्यास त्यांत ज्याचें नांव आहे त्याची. दोन भाऊ अमेरिकेंत होते. त्यांनीं हक्कसोडपत्र करून दिल्यावांचून किंवा रीतसर मुखत्यारपत्र पाठवून सह्या केल्यावांचून त्या बाईंचा करार अपुरा ठरला असता. शिवाय विकणारा परदेशीं स्थायिक असला म्हणजे प्राप्तिकराची कपात वेगळी व बरीच जड होते, आणि ती कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. (विकणारा येथला असेल तर ५० लाख व त्यावरील व्यवहारांत शेंकडा १ कापावा लागतो.) भावांचें पत्र येण्याची आम्हीं तीन महिने वाट पाहिली, आणि मग पाहणें सोडलें.

या सर्व काळांत मी एक गोष्ट शिकलों. कागदांची साखळी मागावी. पहिला करार बांधणाऱ्याशीं कोणीं केला, त्याच्याकडून कोणीं घेतलें, त्यापुढें कोणीं. प्रत्येक कडीचा नोंदलेला दस्त आणि त्याची सूची क्रमांक २. जुन्या काळचा करार पांच रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेला दिसला तर तेवढ्यानें घाबरूं नये; १९८५ च्या अखेरीस कायदा बदलण्यापूर्वीं तशी पद्धत होती. पण साखळींतली एखादी कडीच गहाळ असेल तर "हरवली असेल हो कोठें तरी" या उत्तरावर समाधान मानूं नये.

आतां इमारतीच्या शरीराकडे वळूं. तिसरें घर, जें आम्हीं शेवटीं घेतलें, तें मीं जाणूनबुजून आषाढांत पाहिलें. चैत्रांत सगळींच घरें सुंदर असतात. पावसांत छत्री घेऊन गेल्यास भिंत खरें बोलते. दुपारच्या सरीनंतर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांत हात लावून पाहावा, कपाटामागें वास घ्यावा, आणि नवा रंग दिसला तर तो सर्व खोल्यांना आहे कीं एकाच भिंतीला, हें पाहावें.

सिमेंट-काँक्रीट म्हणजे दगड, त्याला मरण नाहीं, अशी माझी समजूत होती. ती चुकीची. काँक्रीटच्या आंत लोखंडी सळया असतात. ताज्या काँक्रीटचा गुण अल्कधर्मी असतो, आणि त्यामुळें सळईवर एक अदृश्य कवच धरून तिचें गंजापासून रक्षण होतें. पण हवेंतील कार्बन-डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षें हळूहळू आंत शिरून तो गुण नाहींसा करतो. ही क्रिया सळईपर्यंत पोंचली आणि तिला ओलीची जोड मिळाली कीं गंज चढूं लागतो. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतें. तो आंतल्या आंत फुगतो आणि बाहेरच्या काँक्रीटला ढकलतो. म्हणून प्रथम सळईच्या रेषेंत केसासारखी भेग दिसते, पुढें ती भेग रुंद होते, आणि एके दिवशीं ढलपी पडून तांबडी सळई उघडी होते. वरून गिलावा करून रंग दिला तर भेग दिसत नाहीं, पण आंतला गंज थांबत नाहीं.

हें कोठें पाहावें? दिवाणखान्यांत नव्हे. जिन्याच्या पायऱ्यांच्या खालच्या अंगास, गाड्या ठेवतात तेथील खांबांच्या तळाशीं, सज्ज्यांच्या पोटाला, गच्चीवरील पाण्याच्या टाकीखालीं. लहान हातोडीनें हलकेच ठोकावें. ठणठणीत आवाज आला तर बरें. पोकळ ढबढब आवाज आला तर आंत थर सुटला आहे असें समजावें. आणि एक युक्ति माझ्या पत्नीची. ती आमच्या होऊं घातलेल्या घरांत न जातां थेट खालच्या मजल्यावर गेली, दार वाजवलें व म्हणाली, "आजी, तुमच्या न्हाणीघराचें छत जरा पाहूं का?" वरच्या घरांतील संडास-न्हाणीची गळती वरच्याला कधींच दिसत नाहीं. आजींनीं छतहि दाखविलें, चहाहि दिला, आणि पाणी किती वाजतां येतें, पूर्वींच्या भाडेकरूंनीं काय काय केलें, चेअरमन कोणाशीं बोलत नाहींत, हें सारें न विचारतां सांगितलें. दीड वर्षांत मीं जमविलेल्या माहितीपेक्षां त्या अर्ध्या तासांतली माहिती अधिक उपयोगी ठरली.

इंजिनियराचें मत घ्यावेंच. सोसायटीच्या आदर्श उपविधींत असें आहे कीं पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचना-तपासणी दर पांच वर्षांनीं आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनीं करावी. तेव्हां चाळीस वर्षांच्या इमारतींत शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागणें यांत कांहीं अवमर्याद नाहीं. अहवालच नसेल तर तेंहि एक उत्तरच आहे. नळाचें म्हणाल तर जुन्या जी. आय्. पायपांची पोकळी आंतून गंजानें भरत येते. स्वयंपाकघराची व न्हाणीची तोटी एकदम सोडून धार पाहावी. वीज जोडणी पंखे आणि दिवे यांच्या काळांतली असते. तारा बदलण्याचा व अर्थिंग नीट करून घेण्याचा खर्च घराच्या किमतींत मनांतल्या मनांत आधींच मिळवावा. लिफ्ट नसलेल्या इमारतींत कोणता मजला घ्यावा हें आपल्या गुडघ्यांना विचारावें, आजच्या नव्हे, दहा वर्षांनंतरच्या.

झाडांविषयीं दोन शब्द. त्यांच्यासाठींच आपण तेथें जातों, तरी त्यांचाहि जमाखर्च आहे. दाट सावलींतल्या पहिल्या मजल्यावर श्रावणांत कपडे वाळत नाहींत, उत्तरेच्या भिंतीला शेवाळ धरतें, पन्हाळीं पाल्यानें तुंबतात. पिंपळ किंवा उंबर भिंतींतून उगवला असेल तर ती शोभा नव्हे, रोग आहे. झाड आपल्या आवारांतलें असलें तरी आपल्या मर्जीनें तोडतां येत नाहीं; १९७५ च्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्यावरील वयाच्या झाडांना विशेष संरक्षण मिळालें आहे. मला हा कायदा आवडतो. ज्याची गाडी फांदीखालीं सांपडली त्याला तो आवडत नसेल.

शांततेचीहि परीक्षा घ्यावी लागते. सकाळीं अकरा वाजतां कोणतीहि गल्ली शांत असते. शाळा सुटतांना जावें, रविवारीं संध्याकाळीं जावें, लग्नसराईंत रात्रीं नऊ वाजतां जावें. जवळ मंगल कार्यालय आहे काय, कोपऱ्यावर नवें उपाहारगृह निघून त्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या आपल्या फाटकापुढें उभ्या राहतात काय, हें तेव्हांच कळतें. आणि घर नदीच्या किंवा ओढ्याच्या बाजूस असेल तर पूररेषेचा नकाशा पाहावा: निळी रेषा म्हणजे सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यानें, आणि २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्याजवळ एकतानगरींत मुठेनें काय केलें, तें पुणेकरांस सांगावयास नको.

पैशांचा हिशोब सरळ आहे. पुण्यांत मुद्रांक-शुल्क सर्व अधिभार धरून शेंकडा ७ पडतें, नोंदणी फी शेंकडा १ पण ३० हजारांहून अधिक नाहीं. म्हणजे एक कोटीच्या व्यवहाराला ७ लाख ३० हजार. घर केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास शुल्कांत शेंकडा १ ची सूट आहे. हें ऐकतांच माझी पत्नी म्हणाली, "अहो, मग विचार कसला करतां?" मीं विचार केला नाहीं. घर तिच्या नांवावर झालें आणि आमचे बऱ्यापैकी पैसे वांचले. याचा पुढें काय परिणाम झाला तें शेवटीं येईलच. सोसायटी हस्तांतरणासाठीं वाटेल तेवढी रक्कम मागूं शकत नाहीं; महापालिका हद्दींत तिची कमाल मर्यादा २५ हजार आहे.

एवढें सगळें पाहून झाल्यावरहि एक प्रश्न राहतो, आणि तो मला कोणींच विचारला नव्हता. ज्या घराला चाळीस वर्षें झालीं, ज्याचे नळ गंजले, ज्याला लिफ्ट नाहीं, त्याचा भाव एवढा कां? भिंतींचा भाव असता तर तो वर्षागणिक उतरला असता. भाव आहे तो खालच्या जमिनीचा. आणि त्याहिपेक्षां, ती इमारत पाडून त्या जागीं उंच इमारत उठवितां येईल या आशेचा. एफ्. एस्. आय्. म्हणजे जमिनीच्या मानानें किती बांधकाम करतां येतें त्याचें प्रमाण. तें नियमांनुसार बदलत आलें आहे, आणि त्यांत रस्त्याच्या रुंदीला फार महत्त्व आहे. नऊ मीटरहून अरुंद गल्लींत दुसरीकडून विकत आणलेला विकासहक्क वापरतां येत नाहीं. म्हणून दोन शेजारच्या गल्ल्यांतल्या सारख्याच घरांच्या भावांत तफावत दिसते. दलाल तुम्हांला बकुळ दाखवितो, आणि किंमत सांगतांना मात्र पुनर्विकासाचा हिशोब करतो. ज्या दिवशीं ती आशा फळास येईल त्या दिवशीं ज्यासाठीं आपण आलों ती सावली आणि ती शांतता राहील कीं नाहीं, हें त्या हिशोबांत नसतें. आपण निवांतपणाची किंमत मोजतों असें वाटतें. प्रत्यक्षांत कित्येकदां तो निवांतपणा मोडण्याच्या हक्काची किंमत आपण मोजीत असतों.

म्हणून घेणाऱ्यानें आधीं स्वतःला विचारावें, मी राहायला जात आहें कीं वाट पाहायला? तरुण माणसाला दोन्ही शोभतें. तीन-चार वर्षें भाड्याच्या घरांत काढून नव्या, मोठ्या, लिफ्टच्या घरांत परत यावें, यांत त्याचा लाभ आहे. साठी ओलांडलेल्यानें त्या तीन-चार वर्षांची किंमत आपल्या आयुष्याच्या मापानें मोजावी. यासाठीं सोसायटीचें सभावृत्ताचें पुस्तक वाचावयास मिळालें तर तें अवश्य वाचावें. मला कार्यवाहांनीं तें वाचूं दिलें. २०१७ सालीं पुनर्विकासाचा विषय निघाला होता व बारांपैकी चौघांचेच हात वर झाले. त्याऐवजीं वर्गणी काढून गच्चीचें वॉटरप्रूफिंग आणि खांबांची दुरुस्ती करावी असें ठरलें, आणि तें काम झालेंहि. तें वाचून मीं निश्चिंतपणें घर घेतलें.

मात्र एक हिशोब माझ्या लक्षांत आला नव्हता. पूर्वीं, २००९ च्या निर्देशांप्रमाणें, अशा निर्णयाला तीन चतुर्थांश सभासदांची संमति लागे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानें ती अट शिथिल झाली. सभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, पण संमति निम्म्याहून अधिकांची पुरते. आमच्या बारा घरांच्या इमारतींत पूर्वीं नऊ माणसें लागत, आतां सात पुरतात. मीं जुनें वृत्त वाचलें होतें; नवा नियम वाचला नव्हता. मधल्या काळांत तीन घरें विकलीं गेलीं. घेणारे तिघेहि तरुण आहेत, चांगले आहेत. एकाच्या आईला चाकाच्या खुर्चीवरून तीन मजले उचलून आणावें लागतें, त्याला लिफ्ट हवी आहे, आणि त्याला नाहीं म्हणण्याचें तोंड मला नाहीं. खालच्या मजल्यावरच्या आजी ब्याऐंशीच्या आहेत. त्या म्हणतात, "मला या घरांतूनच जाऊं द्या, मग काय तें करा." त्यांनाहि माझ्याजवळ उत्तर नाहीं.

येत्या रविवारीं सकाळीं दहा वाजतां आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा आहे. माझ्या अंदाजानें सहा हात वर होतील आणि पांच खालीं राहतील. बारावा हात माझा नाहीं. घर पत्नीच्या नांवावर असल्यामुळें सभासद ती, मत तिचें. मला सभेंत मागच्या खुर्चीवर बसतां आलें तरी पुरे. ती काय करणार हें तिनें मला सांगितलेलें नाहीं. मात्र कार्यवाहांना देण्यासाठीं तिनें एक पत्र लिहून ठेवलें आहे: कोणताहि नकाशा सभेपुढें आणला तर त्यांत आवारांतील सात झाडें कोठें आहेत व त्यांतील किती उभीं राहणार, हें प्रथम दाखवावें; खालच्या मजल्यावरील आजींची मधल्या काळांतली राहण्याची सोय याच गल्लींत व्हावी; आणि या दोन्ही गोष्टी करारांत लिहाव्या. पत्र मला वाचावयास दिलें होतें. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, तेवढ्या मीं दुरुस्त करून दिल्या.